मे महिन्यातली राम आळी आणि एक नेटका माणूस

[दृश्य: रत्नागिरीची राम आळी, सकाळची वेळ. दुकानांची शटर वर जात आहेत.]

मे महिन्याचा दुसरा आठवडा आहे आणि अजून आठ वाजायचे असले, तरी राम आळीतल्या माणसांचे शर्ट पाठीला चिकटू लागले आहेत. आंब्याच्या पेट्या उतरवणारे हमाल बनियनवर आहेत, मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी अर्ध्या चड्डीत आणि टी-शर्टात आहेत, आणि लग्नघरच्या एका काकांनी मुहूर्ताला चांगले तीन तास असताना टेरिकॉटचा सफारी चढवून स्वतःला शिक्षा करून घेतली आहे. याच गर्दीत गोखले नाक्याच्या बाजूने साठीच्या आसपासचे एक गृहस्थ सावकाश चालत येतात. निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा सुती शर्ट, कोपराच्या खाली दोनदा दुमडलेल्या बाह्या, वाळूच्या रंगाची सुती पँट, कमरेला गडद निळा कापडी पट्टा, पायांत मोज्यांशिवाय घातलेले तपकिरी चामड्याचे बूट, खांद्यावर लाल चौकड्यांचा पंचा आणि हातात कापडी पिशवी. एवढाच त्यांचा सरंजाम आहे. तरीही मासळीवाल्या मावशी पाटीवरून मान वर करून विचारतात, “काय ओ भाऊ, आज कुटं लगीन हाय काय?” लग्नाला नव्हे, हे गृहस्थ सौंदाळे मासे आणायला निघाले आहेत.

त्यांनी चित्रीकरणाला परवानगी दिली ती नाव सांगायचे नाही या अटीवर, आणि ती अट आम्ही पाळणार आहोत. त्यांची निम्मी हयात व्यापारी जहाजांवर गेली, एवढे सांगायला मात्र त्यांची हरकत नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बंदरांत जहाज लागले की सुट्टीच्या दिवशी ते गावात फिरत, आणि तिथल्या माणसांचे उन्हाळी कपडे बघत. ‘प्रेपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेहरावाची आणि त्यांची ओळख अशी तिथल्या रस्त्यांवर झाली. तिकडे मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळवण्यासाठी तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळा असतात, त्यांना ‘प्रिपरेटरी स्कूल’ म्हणतात आणि बोलताना त्याचे ‘प्रेप’ होते. त्या शाळांतली आणि पुढे आयव्ही लीग म्हणजे तिकडच्या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातली मुले टेनिस, शिडाच्या होड्या, पोलो अशा खेळांसाठी जे कपडे घालत, तेच कपडे हळूहळू रस्त्यावर आले. म्हणजे हा मुळात सधन घरांतल्या मुलांचा पेहराव आहे आणि त्यात थोडा तोरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची एकेक शिवण उलगडून पाहिली, तर आतून जे निघते ते आपल्याला परके वाटत नाही.

[दृश्य: शर्टाचे कापड अगदी जवळून.]

या शर्टाच्या कापडाकडे नीट पाहा. त्यातली एक पट्टी सपाट आहे आणि शेजारची सुरकुतलेली, जणू कोणी ओल्या कापडावर बोट फिरवून ती गोळा केली आहे. हे कापड ‘सीअरसकर’ या नावाने जगभर विकले जाते, आणि हे इंग्रजी कानांना अवघड गेलेले नाव फारसीतल्या ‘शीर-ओ-शकर’ या शब्दांवरून आलेले आहे. शीर म्हणजे दूध आणि शकर म्हणजे साखर. सपाट पट्टी दुधासारखी मऊ आणि सुरकुतलेली पट्टी साखरेसारखी खरबरीत, असा त्याचा अर्थ लावतात. मागावर उभे धागे लावताना काही धागे ताणून धरतात आणि काही सैल सोडतात. विणकाम पुरे झाले की सैल धाग्यांची पट्टी आपोआप आकसून उठून राहते, ती इस्त्रीने बसत नाही आणि धुण्याने जात नाही. भारतातून हे कापड इंग्रजांबरोबर पश्चिमेला गेले. अमेरिकेत ते आधी कष्टकऱ्यांचे स्वस्त कापड होते; १९२० च्या दशकात महाविद्यालयीन मुलांनी ते हौसेने अंगावर घेतले आणि त्याची प्रतिष्ठा वाढली.

कोकणात या सुरकुतीचे मोल वेगळे आहे. आपला उन्हाळा विदर्भासारखा रखरखीत नसतो. इथे हवेतच पाणी भरलेले असते, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. कातडीला चिकटून बसलेले कापड अशा हवेत माणसाला उकडून काढते. उठलेली पट्टी मात्र कापडाला अंगापासून केसभर दूर धरते आणि त्या फटीतून वारा फिरतो. जहाजावर असताना आपण हा शर्ट दिसायला बरा म्हणून घेतला होता, आणि तो कशासाठी असतो ते भाट्याच्या पुलावरून दुपारी चालत आल्यावर कळले, असे हे गृहस्थ सांगतात. त्यांना पूर्ण बाहीच लागते. ऊन हाताला लागू नये आणि सावलीत आल्यावर बाही दुमडता यावी, असा त्यांचा हिशेब आहे. ती दुमडही त्यांनी ठरवून ठेवली आहे: कफाच्या रुंदीएवढ्या दोन घड्या, त्यापेक्षा एकही जास्त नाही, कारण तिसऱ्या घडीला बाही दंडाला आवळू लागते आणि माणूस भांडायला निघाल्यासारखा दिसतो.

कॉलरच्या टोकांना दोन बारीक बटणे आहेत. इंग्लंडमध्ये पोलो खेळणाऱ्यांच्या कॉलरी घोडा दौडू लागला की तोंडावर फडफडत, म्हणून ते त्या बटणांनी अडकवून ठेवत. हे पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या कपडेवाल्यांनी १८९६ साली तशा कॉलरचे शर्ट विकायला काढले, अशी या बटणांची कथा सांगितली जाते. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी जो वारा सुटतो, त्यात घोडा नसला तरी ती बटणे उपयोगी पडतात. शिवाय ज्या खेळासाठी हा सगळा खटाटोप झाला, तो खेळ इंग्रजांनी मणिपुरी लोकांकडून उचलला आणि १८५९ साली आसामातल्या सिल्चरला त्याचा क्लब काढला, हेही जाता जाता नोंदवायला हवे. पोलो शर्ट म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो जाळीदार विणीचा, कॉलरचा शर्ट टेनिसपटू रेने लाकोस्त याने १९२६ साली अमेरिकेतल्या स्पर्धेत घातला आणि नंतर त्यावर मगरीचे चिन्ह आले. आमच्या गृहस्थांकडे असे दोन शर्ट आहेत आणि दोन्हींच्या छातीवर काहीही नाही. तळहाताएवढे घोडे आणि मगरी मिरवणारे शर्ट हल्ली बाजारात लटकलेले दिसतात. ते घालणाऱ्यापेक्षा ते जनावरच आधी नजरेत भरते, आणि हा पेहराव तिथेच फसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

[दृश्य: मिरकरवाडा बंदर. जाळी विणणारे खलाशी, त्यांच्या कमरेला चौकड्यांच्या लुंग्या.]

आता कॅमेरा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आला आहे. नौकेच्या नाळेवर बसून जाळे सांधणाऱ्या खलाशाची लुंगी पाहा: तांबडा, निळा आणि पिवळा अशा तीन रंगांचे उभे-आडवे पट्टे एकमेकांना छेदून गेले आहेत. या चौकड्यांच्या कापडाला जगात मद्रास म्हणतात आणि अमेरिकेतल्या प्रेपी उन्हाळ्याचे ते जणू निशाण आहे. दक्षिण भारतातल्या हातमागांवर विणलेल्या आणि वनस्पतींच्या रंगांत रंगवलेल्या या कापडाचा रंग पहिल्या काही धुण्यांत उतरतो आणि चौकड्या एकमेकींत मिसळतात. अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी त्या दोषाचाच गुण केला आणि ‘रंग जाणारच’ अशी हमी देऊन १९६० च्या दशकात ते कापड चढ्या भावाने खपवले. आपल्याकडे रंग गेलेल्या लुंगीचे पायपुसणे होते. तीच चौकडी तिकडे जॅकेट होऊन बागेतल्या मेजवानीला जाते, याची गंमत या धक्क्यावर उभे राहिल्यावर जास्त वाटते. कपड्यांच्या नावांचे असेच आहे. मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून ‘डंगरी’ हा शब्द इंग्रजीत गेला आणि शिवलेला कपडा होऊन आपल्याच दुकानांत परत आला.

पँटची गोष्ट जरा लष्करी आहे. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने नवी पलटण उभी केली आणि पुढे तिच्या कपड्यांना मातीचा रंग दिला. फारसीतल्या खाक म्हणजे धूळ या शब्दावरून त्या रंगाला खाकी म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले अमेरिकी सैनिक १९४४ च्या कायद्याने मिळालेल्या सवलतीत महाविद्यालयांत शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर त्याच खाकी पँटी होत्या, आणि तिथून त्या प्रेपी कपाटात शिरल्या. कोकणात हा रंग निव्वळ शहाणपणाचा आहे. जांभ्याची तांबडी धूळ पांढऱ्या पँटवर एका फेरीत दिसते, वाळूच्या रंगावर ती खपून जाते. काजूच्या बोंडूचा रस मात्र कोणत्याच रंगावर खपत नाही. तो डाग पडला की कपडा बागेत नेण्याच्या लायकीचा राहतो, म्हणून या गृहस्थांची एक पँट कायमची कलमांच्या कामाला लागली आहे.

ही पँट त्यांनी विकत घेतलेली नाही, शिवून घेतली आहे. त्यांचा शिंपी बाजाराच्या मागच्या बोळात बसतो आणि गेली वीस वर्षे त्यांचे माप त्याच्या वहीत आहे. “काका, पोट जरा सुटलंय, कमरेला अर्धा इंच वाढवू का?” असे तो न संकोचता विचारतो आणि हे गृहस्थ तितक्याच न संकोचता हो म्हणतात. आम्हाला हा प्रसंग या चित्रफितीतला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वयाने वाढलेले माप नाकारून जुन्याच मापात कोंबलेला माणूस कितीही महाग कापडात चांगला दिसत नाही. नवे कापड ते आधी रात्रभर बादलीत भिजवतात, सावलीत वाळवतात आणि मगच शिंप्याकडे नेतात, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. मोहरी घोट्याच्या हाडापाशी संपते, आत दीड इंच कापड दुमडून ठेवलेले असते आणि शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच येते, त्याच्या पुढे ओघळत नाही. कॉलरमध्ये कडक बकरम घालू द्यायचे नाही, हा त्यांचा एकमेव हट्ट आहे. घामाने ओली झालेली जाड कॉलर मानेला कापते, आणि शिंप्याला सुरुवातीला ती मऊ कॉलर आपली बेअब्रू वाटत असे.

[दृश्य: ओल्या धक्क्यावर बुटांची पावले.]

त्यांच्या पायांतले बूट नावेवरचे आहेत. ओल्या डेकवर पाय घसरल्यानंतर पॉल स्पेरी या अमेरिकी माणसाने आपला कुत्रा बर्फावरून न घसरता धावताना पाहिला, त्याच्या पंजावरच्या भेगांसारख्या बारीक चिरा रबरी तळव्यात पाडल्या, आणि १९३५ साली हा बूट आला. मासळीच्या पाण्याने निसरड्या झालेल्या धक्क्यावर या चिरा आपले काम चोख करतात. पण आमच्या दृष्टीने त्याचा खरा गुण निराळा आहे. त्याची चामड्याची नाडी एकदा बसवली की रोज सोडावी लागत नाही, पाय नुसता सरकवायचा. ज्या गावात प्रत्येक घराच्या ओटीखाली पादत्राणे उतरवावी लागतात, तिथे लांब नाडीचे बूट घालून चार घरी जाणाऱ्याची अर्धी सकाळ वाकण्यात जाते.

राहिला खांद्यावरचा पंचा. प्रेपी पेहरावात पाठीवर स्वेटर टाकून त्याच्या बाह्या गळ्यापाशी गुंफण्याची पद्धत आहे, कारण तिकडे समुद्रावर संध्याकाळी गारठा पडतो. मे महिन्यातल्या रत्नागिरीत खांद्यावर स्वेटर घेऊन फिरणाऱ्याला लोक प्रेमाने दवाखान्यात नेतील. या गृहस्थांनी ती जागा पंचाला दिली, तोही स्वेटरसारखाच सैल, एक टोक पुढे आणि एक मागे. त्याने घाम पुसता येतो, दुपारी तो डोक्यावर घेता येतो, आणि निळ्या पट्ट्यांवर त्याची लाल चौकडी इतकी खुलून दिसते की, परदेशातल्या कोणत्याही फॅशनवाल्याला हे आधी का सुचले नाही, असा प्रश्न पडावा.

पावसाळ्यात या कपड्यांची खरी परीक्षा होते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते आणि सुती कपड्यांवर काळे ठिपके पडतात. त्यामुळे मृगाच्या आधी बूट पुसून, कोरड्या कागदात गुंडाळून माळ्यावर जातात, आणि शर्ट कडक उन्हात एक पूर्ण दिवस काढून ट्रंकेत पडतात. डांबराच्या गोळ्या या गृहस्थांना चालत नाहीत. त्यांचा वास दिवाळीपर्यंत अंगाला येतो, अशी त्यांची तक्रार आहे.

[दृश्य: घराची पडवी. दुपार.]

सौंदाळे स्वयंपाकघरात गेले आहेत. बूट ओटीच्या पायरीशी जोडीने ठेवलेले आहेत आणि विहिरीवर हात-पाय धुऊन गृहस्थ पंचा गुंडाळून पडवीत आले आहेत. सकाळचा शर्ट त्यांनी स्वतःच बादलीत खळबळून काढला आहे. तो पिळायचा नाही, नुसता झटकायचा, मग उलटा करून पडवीतल्या दांडीवर सावलीत घालायचा. वाऱ्याने बाह्या हलतात, आणि तासाभराने कापड वाळू लागते तसतशी त्यातली साखरेची पट्टी पुन्हा वर उठू लागते.