बर्फाखालून जाणारे देवमासे

नमस्कार श्रोतेहो.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण शीत काढायचं कुठून? ज्याच्या हातात रोज पळी असते त्याला विचारा. काठाचं शीत वेगळं, तळाचं वेगळं. भात कसा झालाय हे बघायचं असेल, तर आधी पातेलं ओळखीचं हवं.

आज बोलायचंय ते मूलनिवासी लोकांचं निसर्गाविषयीचं ज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांनी एकत्र काम करण्याबद्दल. विषय मोठा आहे, आणि मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. आज तीच सांगणार आहे.

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्क्याग्विक नावाचं गाव आहे. पूर्वी नकाशात ‘बॅरो’ छापलेलं असायचं. गाव इन्युपियाट या तिथल्या मूलनिवासी लोकांचं. समुद्र वर्षातले कितीतरी महिने गोठलेला. एप्रिल-मे आला की त्या बर्फाला लांबच लांब भेगा पडतात, पांढऱ्यात काळं पाणी दिसायला लागतं आणि बोहेड जातीचे देवमासे प्रवासाला निघतात. १८ मीटरपर्यंत लांबी, अंगावर जवळजवळ अर्धा मीटर चरबी, आणि पाठीवर पर नाही. हे पाठीवर पर नसणं लक्षात ठेवा. इन्युपियाट लोक सीलच्या कातड्याच्या होड्यांतून या माशाची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मांस गावभर वाटलं जातं.

१९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानं ही शिकार थांबवायचं ठरवलं. कारण काय, तर बोहेड फार थोडे उरले आहेत. दोन हजार, कदाचित त्याहूनही कमी. काळजी खोटी नव्हती बरं का. १८४८ पासून व्यापारी जहाजांनी त्या समुद्रात बोहेडची अक्षरशः लूट केली होती. ती लूट या गावानं केलेली नव्हती, पण बंदी आली ती गावावर. शिकारी एकत्र आले, त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा आयोग उभा केला. पुढच्या वर्षासाठी अगदी थोडी परवानगी मिळाली: १२ मासे हाती लागेपर्यंत किंवा १८ माशांवर वार होईपर्यंत.

आता मोजणी कशी व्हायची ते ऐका. बर्फाच्या कडेला उंचवट्यावर माणसं बसायची आणि भेगेतून जाणारे मासे मोजायची. मेहनतीचं काम, त्या थंडीत तर फारच. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. एक, भेग मिटली की मासे थांबतात. दोन, मासे भेगेतूनच जातात, दूरच्या बर्फाखालून जात नाहीत.

शिकारी म्हणाले, दोन्ही चूक. देवमासा बर्फाला घाबरत नाही. पाठीवर पर नाही, त्यामुळे बर्फाला अडकायला काही नाही. तो खालून डोकं लावून बर्फ उचलतो, फोडतो, श्वास घेतो आणि पुढे जातो. तुम्ही भेगेशी बसलात, तिकडे लांबून मासे निघून जातायत.

पुन्हा सांगते, कारण सगळं इथेच आहे. मासे कमी नव्हते. मासे दिसत नव्हते.

टॉम आल्बर्ट नावाचे एक शास्त्रज्ञ होते, मूळचे पशुवैद्यक. त्यांनी हॅरी ब्रोवर या जुन्या जाणत्या शिकाऱ्याकडून हे नीट, बैठक मारून समजून घेतलं. मग ते तपासायचं ठरलं. ऐंशीच्या दशकात बर्फाच्या कडेनं पाण्यात हायड्रोफोन सोडले, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन. एकच हाक एका मायक्रोफोनला आधी ऐकू येते, दुसऱ्याला क्षणभरानं. त्या फरकावरून मासा कुठे आहे ते काढता येतं. भेग मिटलेली, वर चिटपाखरू नाही, आणि खाली हाकांवर हाका! देवमासे चाललेच होते. दूरच्या, बंद बर्फाखालूनसुद्धा. वीतभर जाडीचा बर्फ ते फोडतात याची नोंदही झाली. ऐंशीचं दशक संपता संपता अंदाज सात हजारांच्या पुढे गेला. २०११ च्या मोजणीत तो सोळा हजारांवर होता. त्यातले काही मासे मधल्या काळात वाढलेले, हे खरं. पण सुरुवातीची मोठी उडी ही नीट ऐकल्याची होती.

माझं फार जुनं मत आहे की शाळेत ऐकण्याचा एक तास हवा. गाणं नाही, भाषण नाही, नुसतं बसून ऐकायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. असो.

याच शिकाऱ्यांचं आणखी एक म्हणणं होतं, देवमासा माणसाची दोन आयुष्यं जगतो. मग पकडलेल्या माशांच्या अंगात जुन्या काळच्या भाल्यांची दगडी टोकं सापडली. डोळ्याच्या भिंगावरून वय काढलं, तर एक नर दोनशेच्या पुढचा निघाला.

‘विज्ञानानं शिकाऱ्यांना खरं ठरवलं’ असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. ते खरंच सांगत होते. विज्ञानानं आकडा दिला, आणि आकडा लागतोच, त्याशिवाय परवानगी वाढली नसती. आणि ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ हेही मला पटत नाही. हॅरी ब्रोवरना माहीत होतं, कारण ते जन्मभर त्या बर्फावर उभे होते.

उत्तर ऑस्ट्रेलियात, पश्चिम आर्नहेम भागात २००६ पासून असंच काम चालू आहे. तिथले आदिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच गवताला तुकड्यातुकड्यानं आग लावतात, म्हणजे पुढचा मोठा वणवा अडतो. किती धूर वाचला ते शास्त्रज्ञ मोजतात, आणि त्यावर त्या लोकांना मोबदला मिळतो. हा मोबदल्याचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्ञान घेतलं, नाव आपलं लावलं, असं फार झालंय.

आता पुन्हा उत्क्याग्विकला येऊ, कारण तिथे गोष्ट उलटी फिरली आहे. किनाऱ्याला धरणारा बर्फ हल्ली उशिरा धरतो, पातळ राहतो, लवकर सुटतो. वडिलांनी शिकवलेल्या खुणा कधीकधी चुकतात, आणि बर्फावर चूक म्हणजे जीव जातो. म्हणून अलास्का विद्यापीठाची माणसं शिकाऱ्यांनी पाडलेल्या वाटांवरून बर्फाची जाडी मोजणारं यंत्र ओढत नेतात. गावात किनाऱ्यावरचा बर्फ बघणारा रडार बसवलाय. मोजणीचा नकाशा शिकाऱ्यांना मिळतो: गावापासून पाण्यापर्यंत जाणारी वाट, आणि जाडीप्रमाणे तिचे बदलत जाणारे रंग. वाट कुठून काढायची हे शिकारी ठरवतात. त्यांच्यामागून यंत्र चालतं.

नमस्कार.