दारामागचा मेन बोर्ड

नमस्कार, श्रोतेहो.

गिरगावातली चाळ असो, पुण्याच्या पेठेतला वाडा असो, नाहीतर पन्नासेक वर्षांपूर्वी बांधलेली एखादी सोसायटी. विजेचा मेन बोर्ड बघायचा असेल तर दाराच्या मागे किंवा दाराच्या वर नजर टाका. काळी पडलेली लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी पेटीतला मेन स्विच आणि खाली चिनी मातीचे पांढरे फ्यूज, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. बहुतेक घरांत त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. मी वायरिंगची कामं करणारा माणूस. पाऊस तोंडावर आला की सगळ्यात जास्त फोन मला याच फळीसाठी येतात.

ही फळी लावली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आज दोन किलोवॉटचा एक गीझरच जवळजवळ नऊ अँपिअर करंट ओढतो. त्यात एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह धरा. वायर मात्र तीच.

किटकॅट मुळात वाईट नाही. करंट वाढला की आतली बारीक तार वितळते आणि वीज तोडते. पण ती तार तिच्यावर लिहिलेल्या आकड्याला वितळत नाही. जवळजवळ दुप्पट करंट गेल्यावर वितळते, आणि तोवर भिंतीतली वायर तापत राहते. शिवाय माणसाचा स्वभाव. मॅच चालू असताना फ्यूज उडाला की घरातला कुणीतरी हुशार तारेचे दोन पदर जास्त घालतो. मग फ्यूज उडायचा थांबतो. सगळे खूश! आता वितळायची पाळी भिंतीतल्या वायरची असते.

जुन्या बोर्डावर आणखी एक फसवी गोष्ट दिसते. एक फ्यूज फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला, आणि एक न्यूट्रलला, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरीला. न्यूट्रलचा उडाला की दिवे जातात, आपल्याला वाटतं वीज गेली. पण होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो. नव्या कामात न्यूट्रलला फ्यूज लावायचा नाही, हा नियमच आहे. त्याचाच भाऊबंद म्हणजे न्यूट्रलवर बसवलेलं बटण. रात्री बंद केलेला एलईडी दिवा मंद मिणमिणत राहत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं. बटण बंद करून तुम्ही दिवा बदलायला स्टुलावर चढता, आणि फेज तिथे तुमची वाट बघत असतो.

मग लोक म्हणतात, नवा डीबी लावून द्या. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची सुबक पेटी, आत ओळीने एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारे, बंद होणारे स्विच. लावतो. पण एक गोष्ट समजून घ्या. एमसीबी वायरला वाचवतो, तुम्हाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. तुमच्यासाठी असतो तो आरसीसीबी. दुकानात अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजने जेवढा करंट आत गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो मोजत असतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चाललाय, की तो निमिषात वीज तोडतो. घरासाठी तीस मिलिअँपिअरचाच घ्या. आणि त्याला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून एमसीबीही लागतातच.

खरी गंमत इथून पुढे. नवी पेटी लागते, इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन जातो, आणि संध्याकाळी आरसीसीबी पडतो. उचलला की परत पडतो. जुन्या घरात हे बऱ्याचदा होतं. कारण कुणीतरी कधीतरी स्वयंपाकघराचा न्यूट्रल हॉलच्या दिव्याला जोडलेला असतो, आणि दोघांना वेगवेगळे आरसीसीबी असतील तर आत-बाहेरचा हिशेब जुळत नाही. इन्व्हर्टरवाल्याने आपला न्यूट्रल भलत्याच वायरीत मिसळलेला असतो. बाथरूमच्या भिंतीतलं इन्सुलेशन ओलीने गेलेलं असतं, किंवा गीझरचं कॉइल लीक असतं. मग पुन्हा फोन जातो, माणूस येतो आणि सांगतो, "पीस खराब आहे, डायरेक्ट करून देतो." आरसीसीबी पेटीत दिसतो, पण करंट त्याच्यातून जातच नाही. याचा मला खरोखर राग येतो. पडणारा आरसीसीबी दहातल्या नऊ वेळा खरं बोलत असतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा धरा. आधी मेगर नावाचं यंत्र लावून वायरींचं इन्सुलेशन तपासून घ्या. मग प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा करून घ्या. पेटी सगळ्यात शेवटी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचे जोड सैल होतात, गंजतात, तापतात. ती काढून तांब्याची घाला. दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची, पॉवर प्लगला अडीच, गीझर-एसीला चार. सगळं एकदम परवडत नसेल तर निदान गीझर आणि एसीची लाइन स्वतंत्र ओढा. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवू नका. तारेचे जास्तीचे पदर घालण्याचाच तो नवा प्रकार आहे.

अर्थिंगचं काय? जुन्या इमारतींत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असायची. मधल्या काळात प्लंबरने पाइप प्लॅस्टिकचे केले. अर्थिंग तिथेच संपलं, कुणाला पत्ताही नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगाच्या आधी हा विषय काढा.

आता भाड्याच्या घराचं. मालक भाडेकरू येण्याआधी रंग लावतो, चकचकीत मोड्युलर बटणं लावतो. मागची वायर मात्र वडिलांच्या वेळची! घर बघायला जाल तेव्हा बटणं बघू नका, मेन बोर्ड उघडून दाखवा म्हणा. पागडीच्या घरात असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ माहीत असू द्या. वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत केलं नाही, तर तुम्ही करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आणि पागडीच्या घराच्या नाममात्र भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे किती, ते तुम्ही जाणताच. नवा डीबी ही दुरुस्ती की सुधारणा, यावर मालक वादही घालेल. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी तर करारातच लिहून घ्यावं: आरसीसीबी कोण बसवणार, पैसे कोण देणार.

काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. मीटरच्या सीलला कुणालाही हात लावू देऊ नका. लोड वाढणार असेल तर महावितरणकडे, मुंबईत असाल तर तुमच्या वीज कंपनीकडे, आधी अर्ज करा.

नव्या पेटीत कुठला एमसीबी कशाचा, ते मराठीत लिहून चिकटवा, घरातल्या आजींनाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलायला झाला. फक्त दाबण्याआधी बाथरूममध्ये कुणी नाही ना, एवढं विचारून घ्या.

नमस्कार.