काखेतला कळसा आणि दुसरा भाग

मंडळी, व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटलं की श्रोते बंदुका, गाड्या नाहीतर क्रिकेट अपेक्षून येतात. मी बोलणार आहे हिडन ऑब्जेक्टवर. गेमिंगच्या जगात याला फारशी प्रतिष्ठा नाही. दुपारी कामं उरकल्यावर बायकांनी खेळायचा खेळ, अशी त्याची हेटाळणी होते. खेळणाऱ्यांत बायका जास्त, त्यातही मध्यमवयीन जास्त, हे खरंच आहे. त्यात हिणवण्यासारखं काय आहे, ते मात्र मला कळलेलं नाही.

खेळ साधा. पडद्यावर पसाऱ्यानं भरलेली खोली, खाली यादी: कात्री, घुबड, बुद्धिबळातला घोडा, छत्री. दिसलं की क्लिक करायचं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. कारण चांगल्या सीनमध्ये वस्तू कशाच्या मागे दडवलेली नसते. ती समोरच असते. आपली नजर किल्ली शोधते तेव्हा किल्लीएवढ्या आकाराची किल्ली शोधते; चित्रकार ती खुर्चीच्या पायाएवढी करून पायालाच टेकवून ठेवतो. व्हायोलिनचा गज लाकडाच्या रेषांना समांतर ठेवला की नाहीसाच होतो. रंग, प्रमाण आणि दिशा या तिन्हींत डोळ्याला चकवायचं, पण सापडल्यावर 'अरे, इथेच तर होतं' असं वाटलं पाहिजे. 'हे दिसणं शक्यच नव्हतं' असं वाटलं, तर सीन फसला.

आता सिक्वेलकडे येतो. मारामारीच्या खेळाचा दुसरा भाग काढणं त्या मानानं सोपं: नवा शत्रू आणा. पण ज्या खेळात तुम्ही सगळं घर धुंडाळून संपवलेलं आहे, त्याच घरात परत कशासाठी जायचं?

याचं मला माहीत असलेलं उत्तम उत्तर 2008 सालचं आहे. सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीची 'मिस्टरी केस फाइल्स' ही मालिका 2005 मध्ये सुरू झाली. 2006 मध्ये आला 'रेव्हनहर्स्ट'. एमा नावाची शिक्षिका अमेरिकेतून इंग्लंडला येते, चार्ल्स डॅलिमार तिच्यावर भाळतो, ती लग्नाला नकार देते आणि तो तिला वाड्यात कोंडतो. ती मेल्यावरही तिचा आत्मा तिथेच अडकलेला. आपण डिटेक्टिव्ह. खोल्या पालथ्या घालायच्या, विक्षिप्त यंत्रांसारखी कुलपं उघडायची, डायरीची पानं जोडत जायचं आणि शेवटी एमाला सोडवायचं. ती सुटते, गोष्ट पुरी होते.

मग दोन वर्षांनी 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट' येतो आणि सांगतो की त्याच वाड्यात रोझ सॉमरसेट नावाची बाई आणि ग्वेन्डोलिन व शार्लट या तिच्या जुळ्या मुलीही अडकलेल्या आहेत. या आत्म्यांच्या बळावर चार्ल्सनं आपलं आयुष्य लांबवलेलं.

यात गंमत बघा. पहिल्या भागाचा शेवट खोटा ठरवलेला नाही. एमा सुटली ती सुटलीच. पण सगळं शोधून काढणं एवढंच ज्याचं काम, त्या खेळाडूला खेळ म्हणतो, तुम्ही घुबडं शोधलीत, कात्र्या शोधल्यात, आणि एक आई आणि दोन मुली तुमच्या नजरेतून सुटल्या. हे कारण खेळाच्या रीतीतूनच निघतं, वरून चिकटवलेलं नाही. म्हणून मला ते इतकं आवडतं.

आणि गोष्ट बदलली तशी खेळण्याची रीतही बदलली. पहिल्या भागात यादीतल्या बहुतेक वस्तू सापडल्या की संपल्या. छत्री कशाला हवी, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या भागात आपण वाड्यात चालत फिरतो. सापडलेली वस्तू जवळ राहते आणि दुसऱ्या खोलीतल्या अडथळ्यावर वापरावी लागते. इन्व्हेंटरी, म्हणजे सापडलेल्या वस्तू जवळ बाळगायची ही सोय, जुन्या साहसी खेळांत होतीच, नवी नव्हे. पण या मालिकेत ती इथे शिरली, आणि त्यानंतर हा सगळा प्रकारच त्या वाटेनं गेला. ठरलेल्या वेळात वस्तू शोधायला लावणारं घड्याळही हळूहळू गेलं. मला विचाराल तर बरंच झालं. भुताच्या वाड्यात मिनिटं मोजत फिरण्यात काही भीती उरत नाही.

धंद्याची बाजूही सांगितली पाहिजे. हे खेळ पहिला तासभर फुकट खेळायला मिळत, आवडला तर पैसे. म्हणजे त्या तासात खेळाडू गुंतलाच पाहिजे. अशा वेळी मागच्या भागाचं पुराण सांगत बसायला सवड कुठली? रोझचं कथानक इथेही कामाला येतं: नव्या माणसाला झपाटलेला वाडा आणि कैदी एवढं पुरतं, जुन्याला मात्र धक्का बसतो.

पुढचे भाग मी थोडक्यात उरकतो, कारण चार्ल्सला पुन्हा पुन्हा उठवून त्यांनी त्याची धार घालवली. 2015 मधले दोन भाग तर सर्बियातल्या नोव्ही सादच्या आयपिक्स स्टुडिओनं केले. कारागिरी देखणी, पण मला त्यात वाड्याची भीती वाटली नाही. अपवाद 2011 च्या 'एस्केप फ्रॉम रेव्हनहर्स्ट'चा. त्यात यादीच काढून टाकली. सीनकडे बघत राहायचं. एखादी वस्तू मधूनच रूप पालटते आणि परत पूर्ववत होते, ती पकडायची. म्हणजे काय शोधायचं तेच माहीत नाही. अनेक जुने खेळाडू नाराज झाले, आणि त्यातला काही मजकूर खरोखरच किळसवाणा आहे. पण शोधण्याच्या क्रियेला हात घालण्याची हिंमत त्या भागानं दाखवली.

पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीनं उलटी वाट धरली. त्यांच्या समुद्री चाच्यांच्या 'नाइटमेअर्स फ्रॉम द डीप'मध्ये पसारा बघून कंटाळलात तर त्याऐवजी माहजाँग, म्हणजे सारख्या सोंगट्यांच्या जोड्या जुळवायचा खेळ, खेळता येतो. सोय म्हणून छान, पण आपल्याच खेळावर विश्वास नसल्यासारखं वाटतं. वस्तू शोधणं टाळता येत असेल, तर ती शोधण्याचा गोष्टीशी संबंध काय राहिला?

ज्यांना घरी जाऊन खेळून बघायचं असेल त्यांनी 2006 च्या भागापासूनच सुरुवात करावी. थेट 2008 चा उघडलात, तर रोझ ही नुसती एक कैदी वाटेल. ती तुमच्याकडून राहून गेलेली आहे, हे कळणार नाही. आता प्रश्न घेऊ.