इंदूरला पहिल्यांदा येताय? रूम बुक करायच्या आधी हे ऐका

पुणे, नाशिक, जळगाव, कुठून ना कुठून मेसेज येतच असतो की आम्ही दोन दिवस इंदूरला येतोय, सेंटरला चांगलं हॉटेल सांग. आणि मी उलटा प्रश्न टाकतो, सेंटर म्हणजे कुठलं? जुन्या इंदूरकराला विचाराल तर तो राजवाडा सांगेल, नोकरीवाली पोरं विजयनगर सांगतील, आणि या दोन्हींच्या मध्ये सहा-सात किलोमीटर आहेत आणि संध्याकाळी पलासियाचा चौक लागला की ते सहा-सात बऱ्यापैकी लांब वाटतात.

म्हणून सेंटर डोक्यातून काढा. मला दोनच गोष्टी सांगा. तुमची रात्र कुठे संपणारे, आणि सकाळी निघायचंय कुठल्या दिशेला. बास. स्विमिंग पूल आहे का, ब्रेकफास्ट फुकट आहे का, हे नंतर. ब्रेकफास्टचं तर सोडूनच द्या, इंदूरला येऊन हॉटेलच्या बुफेत टोस्ट-बटर खाणार असाल तर आपलं जमायचं नाही. खाली उतरा, कोपऱ्यावर पोहेवाला असतोच, पातेल्यात पाणी उकळत असतं, त्याच्या वाफेवर पोह्यांची परात ठेवलेली, म्हणून ते गरम पण राहतात आणि कोरडे पण पडत नाहीत, वर शेव, कांदा, जिरावन (इंदूरचा चटपटा मसाला), आणि उसळ पोहे मिळाले तर उत्तमच.

हां, तर रात्र. पहिल्यांदा येणाऱ्याची रात्र कुठे संपते? राजवाड्याला लागून असलेल्या सराफ्यात. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती साडेआठ-नऊला शटर ओढायला लागली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर ठेले लागतात, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जलेबा, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, आणि हे रात्री एक-दीडपर्यंत तर आरामात चालतं. आता तुमचं हॉटेल बायपासला असेल, फोटो झकास, रेट पण कमी, तर रात्री एकला पोट फुटेस्तोवर खाऊन, झोपलेलं पोरगं खांद्यावर घेऊन तुम्ही कॅब शोधत उभे. ते वाचलेले पाचशे रुपये तिथेच गेले, मूड गेला तो वेगळाच.

मग राजवाड्यालाच राहायचं का? बरेच जण हेच करतात. खिडकीतून सात मजली होळकरांचा वाडा, कृष्णपुरा छत्र्या पायी, कांच मंदिर पायी, सगळं खरंय. पण गाडी घेऊन येत असाल तर नको. गल्ल्या अरुंद, पार्किंग म्हणजे हॉटेलवाला म्हणेल "हो जाएगा सर", आणि ते होतं म्हणजे गाडी कुठेतरी लांब लावून तुम्ही बॅगा ओढत येता. आवाजही रात्री उशिरापर्यंत. आई-बाबा सोबत असतील, त्यांना दहाला झोप लागते, तर विचार करा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला साउथ तुकोगंज आणि आरएनटी मार्गाचा पट्टा. [इथे स्क्रीनवर नकाशा] हे बघा, हे स्टेशन, हा राजवाडा, हे छप्पन दुकान म्हणजे खाण्याच्या दुकानांची गल्ली, आणि हा पट्टा साधारण या सगळ्यांच्या मध्ये. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत, रिक्षा कधीही मिळते. हॉटेलं मधल्या रेंजची, बरीचशी जुनी, लॉबीत जरा जुनाट वास येईल, पण रूम मोठ्या. नाटक-गाण्यावाल्या मराठी मंडळींना हा भाग माहीत असेल, जाल सभागृह इथेच आहे.

स्वस्तात हवं असेल तर छोटी ग्वालटोली, म्हणजे स्टेशन आणि सरवटे बसस्टँडच्या लगत. (सरवटे म्हणजे आपले तात्यासाहेब सरवटे, संविधान सभेत होते. लोकांना ते फक्त बसस्टँड म्हणूनच माहीत, असो.) इथे लॉज खच्चून आहेत आणि फोटो बघून बुक करायची ही जागा नाही. जा, रूम बघा, मग पैसे द्या. बघायचं काय ते सांगतो. पडदा सरकवा. पडदा आहे म्हणजे पलीकडे खिडकी आहे असं नाही, पडद्यामागे कधी सरळ भिंत असते, कधी खिडकी असते पण ती डक्टमध्ये उघडते, समोर एसीचे आउटडोअर युनिट आणि खालून किचनच्या फोडणीचा वास. गीझरचं बटण दाबून लाल दिवा लागतो का बघा, आणि पाणी किती वाजेपर्यंत गरम येतं ते विचारा, कारण काही ठिकाणी सकाळचे ठरावीक तासच असतात. दाराची आतली कडी लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका, काउंटरवाल्याला सवय असते.

आणि या भागाचा एक फायदा मोठ्या हॉटेलात मिळत नाही, तो म्हणजे चोवीस तासांचा चेकआउट, सगळीकडे नाही पण विचारा. का सांगतोय, मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस सकाळी पोचते, पुण्याच्या स्लीपर बस पण सकाळीच पोचतात. चेकइन दुपारी बाराचं असेल तर तुम्ही अंघोळीविना लॉबीत बसलेले, नाहीतर लवकर चेकइनचे वेगळे पैसे. चोवीस तासवाल्याकडे सकाळी नऊला घेतली की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत तुमची. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये हे फार कामाचं आहे. आणि रेट विचारताना टॅक्स धरून विचारा, साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय, त्या वर १८, तेव्हा काउंटरवर कोणी १२ लावला तर बिल मागा.

आता सकाळची दिशा, ही कोणी सांगत नाही. उज्जैन इंदूरच्या उत्तरेला, साधारण ५५ किलोमीटर. ओंकारेश्वर दक्षिणेला, ८० च्या आसपास, खंडवा रोडने. महेश्वर पण दक्षिणेकडूनच, एबी रोडने म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने, ९० धरा. म्हणजे मुक्काम फक्त उज्जैनसाठी असेल आणि स्वतःची गाडी असेल तर विजयनगर खरंच बरं पडतं, गावात न शिरता बाहेर पडता. ओंकारेश्वर-महेश्वर करायचं असेल तर विजयनगरला राहून रोज सकाळी अख्खं शहर आडवं कापण्यात काय अर्थ? भंवरकुआँ किंवा राजेंद्रनगरच्या बाजूला बघा. भंवरकुआँला सगळं कोचिंगचं, पोरांची होस्टेलं, खाणं स्वस्त. राजेंद्रनगर तर आपलंच, भाजीवाला पण मराठी समजतो, आणि पुण्या-नाशिककडून एबी रोडने येणाऱ्या बस राऊ-राजेंद्रनगरवरूनच शहरात शिरतात, ड्रायव्हरला सांगितलं तर तिथेच उतरता येतं.

उज्जैनच्या महाकाल मंदिरातली भस्म आरती करायचीच असेल तर त्या रात्री इंदूरला राहू नका. प्लीज. आरती पहाटे चारला, लाइनीत त्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे इंदूरहून रात्री एकला निघायचं, मग रूमचे पैसे कशाचे दिलेत? ती एक रात्र उज्जैनला घ्या, मंदिरापासून चालत जाता येईल अशी, आणि आरतीचं बुकिंग झाल्यावरच घ्या. बाकीच्या रात्री इंदूर.

जुने व्हिडिओ बघून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आयबसच्या, म्हणजे वेगळ्या लेनमधून धावणाऱ्या सिटी बसच्या, स्टॉपजवळ हॉटेल घ्या म्हणतात ना, ते विसरा, ती लेन म्हणजे बीआरटीएस काढून टाका असं हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. आणि मेट्रो. ३१ मे २०२५ ला सुरू झाली, बरोबर, पण तो पहिला तुकडा पाच स्टेशनांचा, सहा किलोमीटरचा, तोही एअरपोर्टकडे सुपर कॉरिडॉरवर. टीसीएस-इन्फोसिसमध्ये काम असेल तर त्या बाजूला राहा, नाहीतर "मेट्रो स्टेशनपासून ५ मिनिटं" याला भुलू नका, त्या मेट्रोने सराफा येत नाही.

नातेवाईकांकडे उतरणारे पण खूप असतात, सुदामानगरला आत्या, लोकमान्यनगरला मावशी. उतरा, पण आत्याला आधीच सांगून ठेवा की रात्री जेवायला नाही, कारण तिने श्रीखंड-पुरी केली असेल तर सराफा कॅन्सल समजा, आणि तिच्या "थोडंसंच घे" नंतर सराफ्यात गेलात तरी काय खाणार.

लग्नसराईत रूम घेताना नकाशावर झूम करून शेजारी मॅरिज गार्डन आहे का ते बघा. रिंग रोड, बायपास, तिकडे रांगेने आहेत. रिव्ह्यूमध्ये कोणी "थोडा आवाज होता" लिहिलं असेल तर तो डीजे होता.

आणि रंगपंचमी. त्या दिवशी गेर म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, राजवाडा-सराफ्याच्या भागात टँकर, रंगाच्या मिसाइल, तीन-चार मजले उंच उडणारा गुलाल, रस्ते सकाळपासून बंद. गेर बघायलाच येत असाल तर आदल्या रात्रीच राजवाड्याजवळ चालत जायच्या अंतरावर राहा, रूम बऱ्याच आधी बुक करा आणि हॉटेलवाल्याला विचारून घ्या की रंगलेल्या अवस्थेत आत घेणार का, काही ठिकाणी गेटवरच बादली आणि पाइप घेऊन माणूस उभा असतो. आणि गेर बघायची नसेल तर त्या दिवशी दुपारपर्यंत ट्रेन पकडायचा प्लॅन असलेल्यांनी राजवाड्याला अजिबात राहू नका, स्टेशन दोन किलोमीटरवर दिसत असतं पण रिक्षा येणार नाही.