तायवो, केहिंदे आणि उड्या मारणारी कविता

इग्बो-ओरा. नायजेरियाच्या नैऋत्येला, ओयो राज्यातलं गाव. जुळ्यांसाठी जगभर फेमस. इथे शाळेत हजेरी घ्यायची म्हणजे काय होत असेल विचार करा, कारण इथल्या योरुबा लोकांत (त्यांची भाषाही योरुबाच) जुळ्यांची नावं जन्माआधीच ठरलेली, मुलगा असो नाहीतर मुलगी, आधी येईल तो तायवो, मागून येईल तो केहिंदे. बाईंनी "तायवो" म्हटलं की चार जण उभे! आणि मोठा कोण, तर केहिंदे, त्यानेच म्हणे तायवोला पुढे धाडलं, जा बघून ये जग कसंय ते.

या जुळ्यांची ओरिकी असते. ओरिकी म्हणजे स्तुतीची कविता, पण नुसती देवाची किंवा राजाची नाही हं, माणसाची असते, घराण्याची असते, गावाची, अगदी हत्तीचीसुद्धा असते. पोराला नावासोबत एक ओरिकी नावही मिळतं, मुलगी असली तर अजोके, मुलगा असला तर अकान्नी, अशी. सकाळी पोरगं पाया पडायला आलं की आजी त्याची ओरिकी सुरू करते आणि योरुबात म्हणतात की ती ऐकून डोकं फुगतं. आपल्याकडे मूठभर मांस चढतं ना, तेच.

आता ही कविता शाळेत पोरांना शिकवायची कशी? जुळ्यांच्या ओरिकीतली एकच ओळ घेऊ. "ओ बे किशी, बे केशे." जुळी म्हणजे कोलोबस माकडं असं मानतात, ती या फांदीवरून त्या फांदीवर, किशी, केशे! याचा अर्थ फळ्यावर लिहून देणारा मास्तर मला तरी नको. किशीला डाव्या पायावर, केशेला उजव्या पायावर उडी मारू द्या, झालं शिकवून. पुढे ते माकड उडी मारून शिरतं अलाकीसाच्या घरात, आणि अलाकीसाचा होतो अलाशो. अकीसा म्हणजे चिंध्या, अशो म्हणजे कपडा, आणि पुढे लागलेलं ते अला म्हणजे सरळ आपलं 'वाला'. चिंधीवाला झाला कपडेवाला, कारण घरात जुळी आली. सात वर्षांच्या पोराला व्याकरण यापेक्षा सोपं कसं सांगणार?

बरं आता हेडफोन लावा, कारण पुढचं देवनागरीत लिहून दाखवताच येत नाही. योरुबात तीन सूर आहेत, खालचा, मधला, वरचा. ओको म्हणजे नवरा, सूर वर नेला की कुदळ, खाली नेला की गाडी. मराठीत सूर बदलला की भाव बदलतो, इथे शब्दच बदलतो. म्हणून शाळेत हे सूर दो-रे-मी म्हणून शिकवतात, आणि म्हणूनच दुंदुन नावाचा ढोल बोलू शकतो, काखेत धरून दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. एकही शब्द न उच्चारता ढोलावर ओरिकीची ओळ वाजवा आणि पोरांना ओळखायला लावा, यमक वगैरे शोधत बसायची गरजच नाही, या कवितेत गंमत सुरांच्या चढउताराची आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची.

आणि नेमके सूरच गळतात. छापताना, टाईप करताना सुरांच्या खुणा सर्रास सोडून देतात, मग पोरगं वाचतं सपाट, अन् बाई म्हणतात याला योरुबा येत नाही.

शाळेत योरुबा बोललं म्हणून दंड, शिक्षा, हेही कित्येकांनी भोगलंय. खरं तर 1970 साली नायजेरियातल्याच इले-इफे शहरात शिक्षणतज्ज्ञ बाबाटुंडे फाफुन्वा यांनी प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवायचा प्रयोग केला होता, पोरं मागे पडली नाहीत, इंग्रजीतसुद्धा नाहीत. तरी सरकारचं आपलं चालूच. 2022 ला ठरलं प्राथमिक शिक्षण मातृभाषेत, 2025 ला ते रद्द, पुन्हा इंग्रजी. जाऊ दे.

गृहपाठ मात्र कुठलाही मंत्री आला तरी देता येतो. घरी जा आणि आपल्या घराण्याची ओरिकी विचारून ये. लेगॉसच्या फ्लॅटमधल्या पोराची पंचाईत होते, आईला अर्धीच आठवते, बाबा म्हणतात गावी फोन कर. मग आजीचा व्हॉइस नोट येतो, तीन मिनिटांचा, मागे कोंबडा आरवतोय. लिहून पाठव म्हटलं असतं तर सूर गेले असते. इथे सगळे आहेत, वरचा, मधला, खालचा. पोरगं मोबाईल कानाला लावून ऐकतंय, आणि बघा, नकळत खाली वाकलंय, आजी समोर असल्यासारखं.