अपुऱ्या दिवसांच्या रक्तवाहिन्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर, चौथीतली मुले कबड्डी खेळत आहेत. त्यांतला एक मुलगा सातव्या महिन्यात, ३० आठवड्यांचा असतानाच जन्मला होता. आज तो इतरांच्या बरोबरीने धावतो आणि त्या दिवसांची आठवण आता घरातही क्वचितच निघते.

मात्र त्याच्या रक्तवाहिन्यांनी ते दिवस जपून ठेवलेले असू शकतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी महाधमनी फुगते आणि पुन्हा आक्रसते. तिला ही लवचीकता देणारे इलॅस्टिन हे प्रथिन मुख्यतः गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत व जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात साठते; पुढे शरीर ते फारसे नव्याने घडवत नाही, त्यामुळे तेव्हा जमले तेवढेच माणसाला अनेक दशके पुरवावे लागते. मूत्रपिंडातील गाळण्यांचेही तसेच आहे. त्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात, आणि त्या कमी राहिल्या तर पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका असतो.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ या अभ्यासाने वर्षानुवर्षे मागोवा घेतला. अकराव्या वर्षी त्यांचा रक्तदाब बरोबरीच्या मुलांपेक्षा वेगळा नव्हता, पण नाडीच्या लहरीची नोंद घेतली तेव्हा शरीराच्या टोकांकडून हृदयाकडे परतणारी लहर अधिक जोरकस आढळली. म्हणजे नेहमीच्या तपासणीत काही दिसत नसतानाही बदल सुरू झालेला होता. अशा प्रत्येक मुलाला पुढे आजार होतोच असे मुळीच नाही, आणि हे आईवडिलांना ठामपणे सांगायला हवे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या रक्तवाहिन्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आज विदर्भातल्या खेड्यांत विचारता येतो, कारण ही मुले जगली आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्याच वाटेने आज आशाताई बाळंतिणीच्या दारी जातात. त्यांच्या भेटीत बाळाचे वजन होते, ऊब आणि अंगावरचे दूध पाहिले जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सुरुवातीला मिळालेले आईचे दूध पुढे किशोरवयातील कमी रक्तदाबाशी जोडलेले आढळले आहे, त्यामुळे आशाताईंचा अंगावरच्या दुधाचा आग्रह दूरवर पुरणारा आहे.

त्यानंतर रक्तदाब मोजायचा राहून जातो. तिसऱ्या वर्षापासून तो दरवर्षी पाहावा, आणि ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांचा त्याहीआधीपासून, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यासाठी लहान दंडाला बसणारा पट्टा लागतो, कारण मोठ्यांचा पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आलेला आकडाही मुलाचे वय आणि उंची पाहूनच वाचावा लागतो.

पटांगणावरच्या त्या मुलाच्या आईने त्याच्या जन्मावेळी दवाखान्यातून मिळालेले कार्ड लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, अजून जपून ठेवले आहे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल, त्या दिवशी ती ते त्याच्या दप्तरात ठेवणार आहे.