आर्कटाची पाणथळ

(दृश्य: सकाळचं धुकं. बांधावरची पायवाट. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं.)

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हंबोल्ट उपसागराच्या काठी आर्कटा हे छोटं शहर आहे. वस्ती सुमारे १८,०००. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याची पाणथळ. या पाणथळीत येतं ते शहराच्या मोऱ्यांमधलं आणि संडासांमधलं पाणी. हे ठाऊक असूनही लोक रोज इथे फिरायला येतात.

१९७४ साली राज्यानं नियम केला, की उपसागरात सांडपाणी सोडायचं असेल तर त्यानं तिथल्या पाण्याचं भलं होतं हे दाखवून द्या. त्यावर आसपासच्या सगळ्या गावांसाठी एकच मोठा प्रकल्प पुढे आला. मैला पंपांनी ढकलत उपसागराच्या तळाखालून पलीकडे न्यायचा आणि समुद्रात सोडायचा, अशी ती योजना. आर्कटाच्या लोकांनी ती नाकारली. खर्च मोठा, वीज अखंड लागणार, आणि कामी येऊ शकेल असं पाणी कायमचं जाणार.

त्यांचं बळ होतं ते स्थानिक विद्यापीठात. मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन सांडपाण्यात समुद्राचं पाणी मिसळून त्यावर सॅमन माशांची पिल्लं वाढवत होते. अभियंते रॉबर्ट गिअरहार्ट यांनी पाणथळीचे छोटे वाफे करून मोजमापं घेतली. राज्याला पटले ते हे आकडे. बंद झालेला कचराडेपो आणि लाकडाच्या गिरण्यांनी सोडून दिलेली तळी, अशा जागेवर १९८६ मध्ये पूर्ण व्यवस्था उभी राहिली.

(दृश्य: जाळीवर अडकलेला कचरा. मग हिरवट पाण्याचं मोठं तळं.)

आधी जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडतं. टाक्यांत गाळ खाली बसतो. तो कुजवून त्याचं खत होतं. वरचं पाणी उघड्या तळ्यांत जातं. तिथे शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू घाण खातात.

पण मग पाण्यात शेवाळच उरतं. इथे पाणथळ लागते. पाणकणीस या पाण्यात वाढणाऱ्या उंच, गवतासारख्या वनस्पतीच्या दाटीत ऊन पोचत नाही, प्रवाह मंदावतो, शेवाळ मरून तळाशी बसतं. झाडं पाणी शोषून साफ करतात असा समज आहे. खरं काम करतो तो पाण्याखालच्या देठांवर धरलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर. त्यांना फक्त वेळ द्यावा लागतो, आणि वेळ द्यायचा तर जागा लागते. दाट वस्तीच्या शहराला ही पद्धत झेपणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

निर्जंतुक करण्यात मात्र हयगय चालत नाही, कारण याच उपसागरात कालवांची शेती आहे. कालव पाणी गाळून खातं; पाण्यातले जंतू त्याच्या अंगात साठतात आणि थेट ताटात येतात.

(दृश्य: बगळे, बदकं, चिखलात चोच खुपसणारे पाणपक्षी.)

आजवर इथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

(दृश्य: भरती. पाणी बांधाला टेकलेलं.)

आता धोका समुद्राकडून आहे. हंबोल्ट उपसागराभोवतीची जमीन खचते आहे आणि पाणी चढतं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीच्या तुलनेत समुद्राची पातळी सर्वांत वेगानं इथेच वाढते. टाक्या, तळी, पाणथळ, सगळं सखल जमिनीवर, मातीच्या बांधांआड आहे. बांध उंच करायचे, की ही सारी व्यवस्था हळूहळू वर सरकवायची, हा निर्णय आता आर्कटाला घ्यायचा आहे.